खिडकीतली बाटली

हेल्दुरची खोली शुक्रवारपर्यंत रिकामी हवी, असा निरोप आला.
तार्तूत फेब्रुवारी. उणे एकोणीस.
नदीला इथे आईनदी म्हणतात; आई गोठून पडलेली,
तिच्या पाठीवरून पोरं घसरगाड्या ओढत होती.

पुस्तकं वाचनालयाला, कुंडी केर्तूला,
बूट कुणालाच नको होते.
उरली खिडकीच्या कट्ट्यावरची एक बाटली,
चिठ्ठीवरची शाई उन्हानं चाटून नेलेली.
सूत्र तेवढं शिल्लक, तेही पेन्सिलीनं लिहिलेलं म्हणून:
कार्बन दहा, हायड्रोजन दहा, ऑक्सिजन दोन.

"मग कळलंच की," केर्तू म्हणाली.
बावीस वर्षांची आहे. मी काही बोलले नाही.
र आणि स एवढंच हाती असलं
तर 'रस' की 'सर', कोण ठरवणार?

आधी वजन. यंत्र म्हणालं, एकशे बासष्ट.
जणू आम्हाला बेरीज येत नव्हती.
मग अवरक्त किरण. सतराशे पंधराच्या आसपास
एक दरी, विहिरीसारखी सरळ खाली गेलेली:
ऑक्सिजननं कार्बनला दोन्ही हातांनी धरलेलं.
म्हणजे सॅफ्रोल नव्हे. एक नाव खोडलं.
बाकी ताकास तूर लागू देईना.

वास मात्र स्ट्रॉबेरीचा.
जूनमध्ये एल्वाच्या बायका लाकडी खोक्यांतून मांडतात, तिचा,
आणि मागे थोडी दालचिनी.
नाकाला मी साक्षीला उभं करत नाही, पण ऐकून घेते.
नाक खरं बोलत असेल, तर हा पदार्थ
छत्तीस अंशांखाली खडा व्हायला हवा होता.
बाटलीत अर्धे स्फटिक, अर्धं तेल.

रात्री नळी चुंबकात सोडली.
या चुंबकाला बाळंतिणीसारखं जपावं लागतं,
दर मंगळवारी नायट्रोजन पाजावा लागतो.
जवळ जाताना मी घड्याळ काढते, किल्ल्या काढते,
आणि हेल्दुर जिला घोड्याची म्हणायचा ती कमरेची बक्कल.

पडद्यावर आडवी रेघ. मग शिखरं.
दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन एकमेकांना ऐकतात;
किती मोठ्यानं ऐकतात, त्यावरून कळतं
ते विरुद्ध अंगांना बसलेत की एकाच.
केर्तूनं जोडशिखरांमधलं अंतर मोजलं. सोळा हर्ट्झ.
"ट्रान्स!" तिनं टाळी वाजवली. "विरुद्ध बाजूंना. मिथाइल सिनॅमेट. झालं."
"तळाशी बघ," मी म्हटलं.

तळाशी, गवतात दडून बसल्यासारखी, दुसरी जोडी.
साडेबारा.
तेच अणू, तेवढेच,
पण इथे दोघे एकाच अंगाला.
क्षेत्रफळं काढली: चारास एक.

कुणी मिसळलं?
कुणीच नाही. खिडकी पश्चिमेला उघडते.
उन्हाळ्यात इथे ऊन निघायचं नावच घेत नाही,
एकेका रेणूचा बंध सैल करतं, वळवतं,
पुन्हा आवळून पुढच्याकडे जातं.
एकतीस उन्हाळे.
त्याच कट्ट्याला टेकून हेल्दुर
माझ्या प्रबंधावर लाल पेन्सिल चालवायचा:
"शुद्ध आहे हे दाखव, विर्वे. धरून चालू नकोस."
कोपरानं बाटली कितीदा सरकली असेल.
ती आत ठेवावी असं त्याला एकदाही वाटलं नाही?
की मुद्दामच?
तो तसा होता. प्रश्न उन्हात ठेवून घरी जायचा.

सकाळी केर्तू नवी चिठ्ठी घेऊन बसली.
"नाव काय लिहू?"
दोन्ही लिही. प्रमाण लिही. आणि तारीख,
कारण हे फक्त काल रात्रीपुरतं खरं आहे.
पेन्सिलीनं.

मी बाटली उचलून तळघरातल्या कपाटाकडे निघाले,
जिन्यापर्यंत गेले,
परत आले.
आमची खिडकी पूर्वेची आहे.
चालेल.